मी आहुपे पांढरी

मी एक जुनी अळंबी आहे. हसलात ना? हसा खुशाल. अळंबीचं आयुष्य ते केवढं! सकाळी डोकं वर काढायचं आणि चार दिवसांत मातीत जिरायचं. तिनं स्वतःला जुनी म्हणवून घ्यावं म्हणजे अतीच झालं. पण मित्रांनो, मी एकटीदुकटी अळंबी नाही, मी एक वाण आहे. इंद्रायणी भाताचा जसा वाण असतो, तशी. एक अळंबी सुकते, तिच्याच धाग्यातून दुसरी उगवते, आणि ती दुसरीही मीच असते. त्यामुळे मी एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी असू शकते. माझी गोष्ट ऐकताना एवढं ध्यानात ठेवा.

माझा जन्म शेणातला. त्यात लपवायचं काय? आहुप्याच्या देवराईच्या कडेला म्हशी चरायच्या आणि आषाढाची झड लागली की त्यांच्या शेणावर मी उगवायचे. टोपी भाजलेल्या रव्याच्या रंगाची, गळ्यात फाटक्या पडद्याचं कडं, टोपीखाली जांभळट काळी भुकटी. मला दाबलं की तिथं निळा डाग पडतो. आणि माझ्या अंगात एक द्रव्य आहे. ते पोटात गेलं की माणसाला नसलेलं दिसतं आणि असलेलं ओळखू येत नाही. भिंती हलतात, जमीन चालायला लागते, आपली माणसं परकी वाटतात. काही लोकांना यात गंमत वाटते म्हणे. मी जे पाहिलं त्यात गंमत नव्हती.

डोंगरातल्या बायका मला ‘येडी आळंबी’ म्हणत आणि वळसा घालून पुढं जात. मला त्याचं काही वाटत नसे. त्यांच्यात अळंबी पारखायची एक रीत होती. अळंबी कशी दिसते हे त्या विचारत नसत, कुठं उगवली हे विचारत. वारुळावरची खावी, भाताच्या जुन्या पेंढ्यावरची खावी. शेणावरची सोडावी. तेवढ्या नियमावर पिढ्यान्‌पिढ्या पोरंबाळं सुखरूप वाढली होती. ही रीत सगळ्यात पक्की कुणाला ठाऊक असेल, तर आहुप्याच्या गोजरबाईला. गावात कुणाच्या घरी अळंबी शिजायची असली की आधी टोपली तिच्या दारात यायची.

सत्त्याण्णव सालच्या आषाढात पारगावचा सयाजी तिथं आला. उसाच्या बागायतदाराचा मुलगा, शेतकी शिकलेला, गळ्यात कॅमेरा. रानातल्या अळंब्या दाखवायला त्यानं गोजरबाईला बरोबर घेतलं होतं. मला बघून तो खाली बसला तशी ती ओरडली, “पावणं, हात लावू नका तिला! येडी आळंबी हाय ती. आमी तर बोट बी लावत न्हाई.”

“नुसती बघतो, मावशी,” सयाजी म्हणाला. ती पुढं गेल्यावर त्यानं मला कागदात गुंडाळून पिशवीत टाकलं.

त्यानं मला कसं वाढवलं ते मी सांगणार नाही, आणि तुम्हीही विचारू नका. घोडेगावाहून भीमाशंकरकडे जाताना शिनोली लागतं, तिथं त्यानं एक शेड घेतली. आधी मी बाटलीत राहिले, मग भाताच्या स्वच्छ पेंढ्यावर आले. शेणाचा वास गेला. जी अळंबी जाड निघेल तिचाच धागा तो पुढं न्यायचा, बाकीच्या फेकून द्यायचा. एका खेपेला मी रंगच विसरले. टोपी पांढरीशुभ्र, देठ पांढरा, अगदी वारुळावरच्या अळंबीसारखी. सयाजी आनंदानं वेडा व्हायचा राहिला होता. “तुला माणसात आणली बघ मी,” असं तो मला म्हणाला आणि बाटलीवर नाव लिहिलं, ‘आहुपे पांढरी’. खरं सांगते, मला गर्व झाला. शेणातल्या पोरीला नाव मिळालं, गाव मिळालं, रूप मिळालं. नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा, हे मला तेव्हा कुठलं कळायला! माझ्या अंगातलं द्रव्य तसूभरही कमी झालं नव्हतं. लोकांना मला टाळता यावं अशा खुणा तेवढ्या सयाजीनं पुसल्या होत्या.

सुकवून, डब्यात भरून तो मला समुद्राकडच्या कुठल्याशा गावी पाठवायचा. ते कायद्यात बसत नव्हतं. म्हणून शिनोलीत त्यानं सांगून ठेवलं होतं की ही औषधाची अळंबी आहे.

दोन वर्षांनी शेडवर पाणी मारायला आणि अळंबी खुडायला त्यानं गोजरबाईलाच आणलं. तिचा हात हलका होता. आठवडाभर ती शिनोलीत राहायची आणि शनिवारच्या एसटीनं आहुप्याला जायची. पहिल्याच दिवशी तिनं मला खुडलं, उलटं करून पाहिलं आणि विचारलं, “भाऊ, ही कंची आळंबी?”

“औषधी हाय मावशी. बाहेरच्या देशात औषधाला जाती. पर एक बी बाहेर जाता कामा नये हां.”

“दाबली की निळी पडती की.”

“औषध हाय म्हणून!”

गोजरबाईनं मान डोलावली. तुम्ही म्हणाल, एवढी जाणती बाई, तिनं मला ओळखलं कसं नाही? अहो, तिनं आयुष्यात मला कधी हात लावला नव्हता. शेणावरचीला बोटसुद्धा लावायचं नाही, हीच तर तिची रीत. मग माझा निळा डाग तिला कुठून माहीत असणार? तिनं तिच्या रीतीप्रमाणं जागा पाहिली. जागा भाताच्या पेंढ्याची होती, स्वच्छ. तिनं मला चांगल्या घरच्या अळंब्यांत बसवलं.

दोन हजार तीनच्या फाल्गुनात तिची लेक वैजयंती बाळंतपणाला माहेरी आली. सातवा महिना सरत आला होता. पहिलंच पोर. वैजयंतीला जुन्नरकडं दिली होती आणि सासरी ती हौसेनं सगळं खायची, पण माहेरी आल्यावर तिला अळंबीचे डोहाळे लागले. आता फाल्गुनात डोंगरावर अळंबी कुठली? सगळं रान वाळून कोळ झालेलं. “आये, आळंबीचं कालवण दे गं, दुसरं कायबी गोड लागंना,” असं ती दर शनिवारी म्हणायची. डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचे कान फुटतात असं म्हणतात. गोजरबाईच्या जिवाला घोर लागला.

तिनं सयाजीला विचारलं का नाही? तो हो म्हणणार नाही हे तिला माहीत होतं. तो चिकटपणा करतोय एवढंच तिला वाटलं. शुक्रवारी संध्याकाळी तिनं माझ्या सात-आठ अळंब्या खुडल्या आणि पदरात बांधल्या. रानातून काही घेतलं की तिथं काहीतरी ठेवून यायचं, हीसुद्धा तिची रीत. म्हणून तिनं माझ्या पेंढ्यापाशी मूठभर तांदूळ ठेवले. चोरी तिला करायचीच नव्हती.

ते तांदूळ भागूला शनिवारी सकाळी दिसले. भागू सयाजीची जीप चालवायचा. “सयाजीभाऊ, मावशीनं तांदूळ ठेवल्यात हितं. आळंबी नेली वाटतं. पोरीचं डोहाळं चाललंत म्हणत व्हती.”

सयाजीचा चेहरा पडला. मी समोरच होते, मी पाहिलं.

“गाडी काढू का?” भागूनं विचारलं. “दुपारपातूर पोचू आहुप्याला.”

सयाजीनं जीपची किल्ली हातात घेतली, ठेवली, पुन्हा घेतली. वर जाऊन काय सांगणार? ‘मावशी, ती येडी आळंबी आहे’? मग गावाला कळणार, पोलिसांना कळणार. शेवटी तो म्हणाला, “ऱ्हाऊ दे. वाळवून ठिवायला नेली असंल.” आणि दार लावून बसून राहिला. माझा राग येत असेल तर जरा थांबा, त्याच्यासाठीही थोडा ठेवा.

त्याच दुपारी गोजरबाईनं मला चुलीवर घातलं. लसूण, मिरची, मीठ आणि सुकं खोबरं. नाचणीची भाकरी केली. डोहाळ्याचं ताट एकटीचं असतं, दुसऱ्यानं त्यातला घास घ्यायचा नाही, म्हणून ती आणि तिचा नवरा सोमाजी नुसते बघत बसले. वैजयंतीनं वाडगं बोटानं पुसून खाल्लं. “आता कसं निवल्यागत झालं,” ती म्हणाली. गोजरबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

मित्रांनो, मी तिथंच होते. मला हात नाहीत, तोंड नाही. वाडग्यातून उडी मारता आली असती तर मारली असती हो!

घटकाभरानं वैजयंती हसायला लागली. “आये, भिंत बघ कशी फुगतीया.” मग ती रडायला लागली. मग आईकडं बघून किंचाळली, “तू कोण? माझ्या पोराला हात लावू नगंस!” आणि उठून बाहेर पळाली. सोमाजी मागं धावला. भातखाचरांच्या पायऱ्यापायऱ्यांवरून ती धावत सुटली आणि तिसऱ्या बांधावरून खाली दगडांवर पडली, पोटावर.

गोधडीची झोळी करून चौघांनी तिला सडकेपर्यंत आणलं, तिथून एका वाहनानं घोडेगावच्या दवाखान्यात. गोजरबाईनं उरलेल्या दोन कच्च्या अळंब्या पदराच्या गाठीत घेतल्या, डॉक्टरला दाखवायला. अशी मी दवाखान्यात पोचले. चेंगरून पार निळीकाळी झाले होते. शिनोली जवळच, तिथं बातमी लगेच गेली, आणि भागूनं सयाजीला ओढूनच आणलं.

“काय आहे हे?” डॉक्टरनं गाठीतलं बघून विचारलं.

“ह्या भाऊंच्या शेडवरची आळंबी हाय. पेंढ्यावरची. औषधी. विचारा त्यांना!” गोजरबाई म्हणाली.

डॉक्टर सयाजीकडं वळले. “तुमची आहे का ही? कुठली जात? लवकर सांगा, मला उपचार ठरवायचाय.”

बोल रे बोल, असं मी गाठीतून म्हणत होते. सांग, की हिचा अंमल पाच-सहा तासांत उतरतो, आधी पोट बघा, बाळ बघा. चार वाक्यांचं काम होतं.

सयाजीनं मला हातात घेतलं, फिरवलं आणि कानांवर हात ठेवले. “ही आमची न्हाई. आमची पांढरी असती. ही... शेणावरची दिसतीय.”

“भाऊ!” गोजरबाई म्हणाली.

डॉक्टरांचा पारा चढला. “शेणातली अळंबी दिलीत गरोदर मुलीला? अक्कल आहे का?” मग सगळे विषाच्या मागं लागले. नळी घातली, हातपाय धरून ठेवले, पुण्याला न्यायची तयारी झाली. पोटाच्या दुखण्याकडं लक्ष गेलं तेव्हा वेळ निघून गेली होती. बाळ गेलं. मुलगी होती. दिवेलागणीला वैजयंतीचं भान परत आलं, तेव्हा तिनं आधी पोटावर हात नेला. मग आईकडं बघून हळूच विचारलं, “आये, शेणावरची दिलीस व्हय?”

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. सासरचे वैजयंतीला घेऊन गेले ते परत पाठवायचं नावच काढीनात. गावातल्या टोपल्या गोजरबाईच्या दारात यायच्या थांबल्या. चैत्रात ती एकदा शेडवर आली. भांडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. “भाऊ,” ती म्हणाली, “मला काय नगं. एकदा माझ्या लेकीला भेटा आन् सांगा, आळंबी पेंढ्यावरची व्हती. येवढंच सांगा.”

“मावशी, मी आत जाईन की गं,” सयाजी म्हणाला.

“आन् मी कुठं बाहेर हाय?” असं म्हणून ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी सयाजीनं शेड जाळली. एक बाटली तेवढी त्यानं पारगावच्या घरी फ्रिजमध्ये ठेवली, लोणच्यामागं.

त्या साली आषाढात काय झालं ते भागूनं त्याला तिथं येऊन सांगितलं, आणि मी बाटलीतून ऐकलं. गोजरबाई पहाटे वारुळावर गेली. चांगली, खरी, वारुळावरची अळंबी आणली, शिजवली आणि ताट घेऊन दाराच्या पायरीवर बसली. येणाऱ्याजाणाऱ्यासमोर ती सगळी खाल्ली आणि दिवसभर पावसात तिथंच बसून राहिली, की बघा, मला काही झालं का? मला अळंबी कळते का नाही ते बघा. पाणवठ्यावरच्या बायका बघून गेल्या. एक म्हणाली, “हिला पचती, म्हणून तर लेकीला दिली.”

भागू सांगताना रडत होता. सयाजीनं फ्रिजचं दार लावलं.

पुढं ती बाटली कुणीतरी नेली. आज मी दूरदूरच्या शहरांत आहे, घराघरांतल्या खोक्यांत. माझ्या नावापुढं लिहितात, ‘शुद्ध, पांढरी, स्वच्छ वाढवलेली’. लोक वाचतात आणि कौतुक करतात.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, काही ना काही पिकवाल, बनवाल, विकाल. एक करा. ज्याच्या हातात ते द्याल त्याला ते खरं काय आहे ते सांगा, आणि विचारलं तर सगळ्यांसमोर सांगा. न कळणारी रानातली अळंबी चाखू नका, कुणी औषध म्हणून दिली तरी नको. आणि तुमच्यापैकी कुणी जुन्नरकडचं असेल, वैजयंती नावाची बाई कुणाला भेटली, तर तिला माझा एक निरोप द्या. म्हणावं, तुझी आई खरं बोलत होती. अळंबी पेंढ्यावरचीच होती.