बुजवता येईल असं खिंडार

"इथं नको. चाळीस पावलं पलीकडं," असं म्हणत योसने सैनिकांनी रोवलेली खुणेची काठी उपटली.

कप्तान चिडला. "आजोबा, बांध फोडायचाय, कुठून का फुटेना! बारा वर्षांचा तह संपला. स्पेनची फौज यायच्या आत हे शेत पाण्याखाली पाहिजे."

योसची बायको पीरीन समुद्र अडवणाऱ्या बांधाच्या उतारावर उभी राहून ऐकत होती. मागच्या लढाईत शत्रूची वाट अडवायला ही जमीन अशीच समुद्राला दिली होती. तह झाल्यावर योसने बांध घातला, तिने टोपल्यांनी चिकणमाती वाहिली. दर वसंतात ती मातीची चिमूट जिभेवर ठेवून बघायची. अकरा वर्षं खारटपणा गेला नव्हता, नुसता सातू यायचा. यंदा पहिल्यांदा गहू होता, घोट्याएवढा.

"तुमच्या काठीखाली जुनी बुजलेली खाडी आहे, सगळी वाळू," योस सांगत होता. "तिथं फोडलंत तर भरती-ओहोटी तळ खरवडून काढेल. मग कुणाच्या बापाला बुजवता येणार नाही. पलीकडं तळाला चिकणमाती आहे. पाणी तेवढंच येईल, पण खड्डा पडणार नाही."

"आणि बुजवणार कोण? तुम्ही? सत्तरी उलटली की!"

"मी कशाला? पुढचा तह होईल तेव्हा जो असेल तो."

कप्तान हसणार होता, पण हसला नाही. "बरं, चाळीस पावलं. भरतीच्या आत उरका."

"माझी माणसं नकोत?" त्याने जाता जाता विचारलं.

"नकोत. ती खंदक खणतात तसं खणतील."

योसने फावडं उचललं. पीरीन जवळ आली.

"स्वतःच्याच हातानं, अहो?"

"मग कुणाच्या?"

"माझ्या पेटीचं झाकण तीन वर्षं मोडलंय, ते नाही होत. खिंडार मात्र नीटनेटकं हवं!"

"झाकण उद्या करतो."

"उद्या पेटी गाडीवर असेल."

तो खणायला लागला. दुपारपर्यंत त्याने बांध कापला. कडा उभ्या न ठेवता उतरत्या केल्या, पाण्याने ढासळू नयेत म्हणून. मग उघड्या मातीवर अंथरायला गवताची चटई आणली. एक टोक पीरीनने गुडघे टेकून धरलं, दुसऱ्या टोकापासून तो खुंट्या ठोकत आला.

भरती लागली. पाणी आधी बोटभर आलं, मग तिच्या टाचांवरून गव्हाकडे गेलं. गार होतं.

"सुरकुती पडलीय," योस म्हणाला.

तिने चटई पुन्हा ताणून धरली.