फुलं माळायच्या दिवशी

शनिवारी दुपारी साडेबारा वाजता रईसाने बिर्याणीचा कांदा जाळला. एरवी कांदा तळताना ती शेगडीपासून हलायची नाही, पण फोन वाजला आणि तिने पाहिलं, लेकीने फोटो पाठवला होता. इफराच्या डोक्यावर बारीक बारीक वेण्या होत्या, कपाळापासून मानेपर्यंत, मोजायला बसलं तर साठ-सत्तर तरी निघाल्या असत्या. खाली लिहिलं होतं, ‘म्युझियम में बनवाए. कैसे लग रहे हैं?’

कसे दिसतात ते सांगायला आधी श्वास तरी परत यायला हवा होता. रईसाने शेगडी बंद केली, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला, पुन्हा घड्याळ. पाच वाजता जेद्दाहून होणाऱ्या जावयाची, उमैरची, आई इस्मतभाभी येणार होत्या, इफराला फुलं माळायला.

रईसाच्या माहेरी काय, सासरी काय, बोलणी पक्की झाली की मुलाची आई येते आणि स्वतःच्या हाताने मुलीच्या केसांत फुलं माळते. माळायची म्हणजे ओढणी उतरते, वेणी हातात येते. बाई केस बघते, चाचपते, लांबी किती नि दाटी किती ते न बोलता मनाशी ठरवते. म्हणून तर बुधवारी रईसाने इफराला पार्लरात तीन तास बसवून केस सरळ करून आणले होते आणि तेव्हापासून त्यांना पाणी लावायची बंदी घातली होती. इफराचे केस मुळात सरळ नव्हतेच. ते होते नानीवर गेलेले, आखूड, घट्ट कुरळे, कंगव्याचे दात मोडणारे. नानी, म्हणजे रईसाची आई, मुरूडची सिद्दी होती.

आता मुरूड म्हटलं की लोकांना जंजिरा आठवतो आणि जंजिरा म्हटलं की नवाब. नवाबाशी नातं सांगायला कोणीही तयार असतं. नानीचे वाडवडील नवाब नव्हते. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून कोणे एके काळी जहाजांत भरून आणलेली, किल्ल्यावर तोफा ओढणारी, होड्या वल्हवणारी साधी माणसं ती. त्यांच्याशी नातं सांगायला कोण पुढे येणार? लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूने रईसाला न्हाणीत बोलावून सांगितलं होतं, “केस झाकून ठेव गो. बाकी सगळं आपोआप झाकलं जाईल.” सासू वाईट नव्हती, मायेने बोलली होती, म्हणूनच रईसाने ते इतकं मनावर घेतलं. बायकांच्या दावतीत, जिथे सगळ्या जणी दार लागलं की ओढण्या भिरकावून बसतात, तिथेही हिच्या डोक्यावर रुमाल. विचारलं तर म्हणायची, मला सर्दी होते. सौदीतल्या या राबिघच्या उन्हाळ्यात सर्दी, आणि तीही पंचवीस वर्षं.

“गाडी काढा,” तिने बैठकीत खुर्च्या मांडणाऱ्या नवऱ्याला सांगितलं.

“आता? कुठे?”

“पोरीला आणायचंय.”

“अगो, अरवा सोडेल ना तिला. तीन वाजता येते म्हणाली.”

“गाडी काढा म्हटलं ना.”

हुसेनमियाँ रिफायनरीच्या एका ठेकेदाराकडे स्टोअर सांभाळायचा. कुठे काय कमी पडलंय हे ओळखायची सवय त्याच्या हाडात मुरलेली. त्याने काही विचारलं नाही. गाडीत रईसाने एसी वाढवायला लावला, मग कमी करायला लावला, पट्टा लावला, काढला, पुन्हा लावला. फोटो काही तिने नवऱ्याला दाखवला नाही.

संग्रहालय म्हणजे समुद्राकडचं एक जुनं दगडी घर. कुणा हौशी माणसाने भांडी, नांगर, जाळी, कंदील असं काय काय जमवून ठेवलेलं. या आठवड्यात तिथे चार दिवसांचा मेळा होता, समुद्रापलीकडून आलेल्यांचा. आफ्रिकेतले हाजी शेकडो वर्षं याच वाटेने मक्केला जायचे. काही परत गेले, काही इथेच राहिले. त्यांची नातवंडं-पतवंडं आता इथलीच, या देशाचीच माणसं. त्यांनीच हा मेळा भरवला होता. अरवा त्यांच्यातलीच. इफरा आणि ती एकाच औषधांच्या दुकानात कामाला होत्या, म्हणून इफरा गुरुवारपासून तिथे राबत होती. पाहुण्यांना माहिती सांग, खजूर वाट, असली कामं. रईसाने अडवलं नव्हतं. लग्न ठरलेल्या पोरीचं मन रमतंय तर रमू दे, असं तिला वाटलं होतं. आता त्याच वाटण्याच्या नावाने ती स्वतःला बोल लावत होती.

अंगणात ढोल चालले होते. पोरं-पोरी, म्हातारेकोतारे, कॉफीचा वास, भिंतीभर काळ्या-पांढऱ्या फोटोंतले काळे चेहरे. रईसाने मान वर करून एकही फोटो पाहिला नाही. भीती अशी की एखाद्यात आईच दिसायची.

बायकांची खोली आत होती, दाराला जाड पडदा लावलेला. पडद्याआड गालिच्यावर पाच-सहा बायका कंगवे नि तेलाच्या वाट्या घेऊन बसल्या होत्या आणि मधोमध इफरा, मान ताठ, गाल चमकणारे. इतकी सुंदर रईसाने तिला कधी पाहिली नव्हती. त्याचाच तिला जास्त राग आला.

“खोल,” ती म्हणाली. “आत्ताच्या आत्ता सगळ्या खोल.”

“अम्मी, प्लीज. चार घंटे लगे हैं.”

“पाच वाजता त्या येतील. त्यांनी ओढणी काढली की काय दिसेल?”

“मेरे बाल दिखेंगे.”

रईसाने वेण्या घालणाऱ्या बाईकडे मोर्चा वळवला. ही अरवाची आजी, सत्तरीची उम्म हम्माद. हिचे आजोबा आफ्रिकेच्या पार त्या टोकाकडून चालत निघाले होते आणि सात वर्षांनी इथे पोचले होते, हे इफराने घरी दहा वेळा सांगितलं होतं. रईसा आपल्या बाजारापुरत्या अरबीत म्हणाली, “हे काढा, खाला. यल्ला, लवकर. वेळ नाही.”

म्हातारीचा समज वेगळाच झाला. बाई स्वतःच्या वेण्या घालून घ्यायला आली असणार. तिने हसत हात वर केला आणि रईसाच्या रुमालाची कड कानामागे सरकवली. तिथल्या चार बटा बाहेर आल्या. त्यातली एक म्हातारीने बोटांत धरून ताणली, सोडली.

“तूही आमचीच की,” ती म्हणाली.

रईसाने रुमाल झटक्यात ओढला. पंचवीस वर्षांत त्या केसांना परक्याचा हात लागला नव्हता आणि या बाईने एका क्षणात सगळं ओळखून टाकलं होतं. ती खाली बसली, लेकीच्या मागे, आणि स्वतःच वेण्या सोडायला लागली. एक झाली, दुसरी झाली. गाठ सापडत नव्हती. घड्याळात एक वाजून गेला. साठ-सत्तर वेण्या, चार तास. तिसरी सुटली तेव्हा तिच्या लक्षात आलं की सुटलेले केस खाली पडत नाहीयेत. आखडून वर गेलेत, डोक्याला चिकटलेत.

“धुतलेस?”

“धोना पड़ता है, अम्मी. उसके बिना चोटियाँ नहीं टिकतीं.”

म्हणजे बुधवारचे तीन तास पाण्यात गेले होते. वेण्या राहोत की सुटोत, आता जे दिसायचं ते दिसणारच होतं. रईसा उठली, खिडकीपाशी गेली, परत आली, पुन्हा उठली. डोक्यावर जरीची ओढणी घट्ट पिन लावून बसवावी? ताप आलाय म्हणावं? माणसं दीडशे किलोमीटरवरून येतायत, ताप आलाय म्हणून कसं चालेल? असलं काय काय तिच्या डोक्यात चाललं असतानाच फोन वाजला.

“जेद्दाची माणसं फुलं टिकावीत म्हणून सकाळीच निघाली,” हुसेनमियाँ बाहेरून बोलत होता. “घराशी गेले, कुलूप बघून मला फोन केला. मी सांगितलं, आम्ही म्युझियमशी आहोत.”

“कशाला सांगितलंत?”

“कुठे आहात विचारलं त्यांनी. मग काय सांगू?” हुसेनमियाँला साधं खोटंही वेळेवर सुचायचं नाही. घरात त्या खात्याचं सगळं काम रईसाकडे होतं. “इस्मतभाभी आत यायला निघाल्यात. इथेच माळते म्हणाल्या. उन्हाने फुलं कोमेजतील.”

पडदा हलला आणि इस्मतभाभी आत आल्या. खेडच्या बाई, अंगाने भरलेल्या, तोंडाने मोकळ्या. हातात पुठ्ठ्याचा डबा आणि त्यात जाझानहून मागवलेला मोगरा, वास खोलीभर पसरला. त्यांनी सगळ्यांना सलाम केला, रईसाला मिठी मारली आणि मग इफराकडे बघून थबकल्या.

रईसाने रुमालाची पिन चाचपली.

“अगो, हे काय?” इस्मतभाभी म्हणाल्या आणि मोठ्याने हसल्या. “इथे मजा म्हणून बांधून देतात होय? माझी भाची पण दुबईला असंच करून आली होती. छान दिसतंय हो. गंमत म्हणून एक दिवस बरं.”

वाट आयती समोर आली होती. अल्लाने दार उघडून धरावं तशी. नुसतं हो म्हणायचं होतं.

“हो,” रईसा म्हणाली. “मजाच. पोरी काय, कशातही घुसतात.”

हे बोलताना तिची जीभ अडखळलीसुद्धा नाही. सवयच ती. तिने चोरून लेकीकडे पाहिलं. आता ही काहीतरी बोलेल, वाद घालेल, सगळ्यांसमोर नाही म्हणेल. इफरा लहानपणापासून तोंडावर बोलणारी, खोटं अजिबात न जमणारी, थेट बापावर गेलेली.

“जी, आंटी,” इफरा म्हणाली. “टाइमपास. कल खोल दूँगी.”

आणि हसून तिने मान खाली घातली, फुलं माळून घ्यायला. किती सहज घातली. रईसाला ती मान माहीत होती. न्हाणीत सासूसमोर तिने स्वतः अशीच घातली होती, आणि तेव्हापासून ती कधी पुरती वर आली नव्हती. पोरीला हे कोणी शिकवलं? कोणी बसवून शिकवलं नव्हतं. तिने घरात रोज पाहिलं होतं, तेवढं पुरलं.

इस्मतभाभींनी गजरा उचलला. रईसाने त्यांचं मनगट धरलं.

“थांबा, भाभी. मी खोटं बोलले.”

“काय?”

“ही मजा नाय. हे तिचे केस हायत. बुधवारी मी पार्लरात नेऊन सरळ करून आणले होते, तुम्हाला दिसू नयेत म्हणून.” बोलता बोलता तिने रुमालाची पिन काढली, रुमाल काढला. “हे माझे. माझी आई सिद्दी होती, मुरूडची. रुकय्या सिद्दी.”

आईचं पुरं नाव तिने सासरी आल्यापासून पहिल्यांदाच घेतलं होतं. नाव नीट आलं.

इस्मतभाभींचं हसू एकदम गेलं नाही. आधी ओठ मिटले, मग डोळे दुसरीकडे गेले. “लग्नाआधी सांगणार होतात का नंतर?” त्यांनी हळूच विचारलं.

“कधीच नाय,” रईसा म्हणाली.

इस्मतभाभींनी गजरा डब्यात परत ठेवला, झाकण लावलं, चारी बाजूंनी दाबलं. “माझं काही नाय गो रईसा. अल्लाची कसम, माझं काही नाय. पण घरात चार माणसं हायत. विचारून कळवते.” जाता जाता त्यांनी इफराच्या गालाला हात लावला. हाताला माया होती. पण विचारून कळवते याचा अर्थ मायलेकींना दोघींनाही ठाऊक होता.

पडदा पडला. बाहेर ढोल चालूच होते. रईसा उभीच होती, हातात रुमाल, काय करावं कळेना. पोरीचं ठरलेलं लग्न आपण मोडलं, तेही सगळं सावरलेलं असताना. आता ही रडेल, आपल्याला बोल लावेल, आणि त्यात तिचं काही चुकणार नाही.

इफरा रडत नव्हती. वेण्यांवरून हात फिरवत बसली होती. मग ती बोलली, आणि एवढं बोलायला तिने हिंदी सोडून घरची भाषा घेतली.

“उमैरला ठाऊक हाय, अम्मी. दोन महिन्यांपूर्वीच मी सांगितलं होतं त्याला.”

रईसाला आधी हायसं वाटलं. मुलालाच माहीत असेल तर अजून काही बिघडलं नाही. “मग? काय म्हणाला?”

“म्हणाला, मला काही फरक पडत नाय. फक्त माझ्या आईला कधी कळू द्यायचं नाय. केस सरळ ठेवशील ना, विचारलं.”

“आणि तू?”

“मी हो म्हटलं.” इफराने पहिल्यांदा वर पाहिलं. “मला वाटलं, अम्मीला इतकी वर्षं जमलं, मलाही जमेल. फक्त त्याआधी आजचा एक दिवस हवा होता.”

रईसा लेकीच्या मागे खाली बसली आणि इतकी रडली की उम्म हम्मादने ढोलवाल्यांना निरोप पाठवला, जरा थांबा. फोन वाजत होता, हुसेनमियाँचा असणार, त्यालाही सांगायचं होतं. बऱ्याच वेळाने म्हातारीने विचारलं, उरलेल्या वेण्या सोडायच्या का?

“नको,” रईसा म्हणाली. तिने नाक पुसलं, वाटीतलं तेल बोटांना लावलं आणि मघाशी सोडलेल्या तीन वेण्या स्वतःच घालायला घेतल्या. पहिली वाकडी झाली.