नवी की प्लंबरची

"आम्ही गाडी घेतोय, झोपायची," असं बाबांनी जेवताजेवता सांगितलं आणि मास्तरणीला पहिला धक्का बसला. त्या महिन्यातला सगळ्यात मोठा धक्का हाच, असं तिला तेव्हा वाटलं. बिचारीला पुढचं काय ठाऊक.

झोपायची गाडी म्हणजे कॅम्परव्हॅन. मागे पलंग, कडेला शेगडी, खाली पाण्याची टाकी आणि वर बरोब्बर डोकं आपटेल एवढ्या उंचीवर छत. जन्मभर एका कारखान्याची मिनीबस चालवून निवृत्त झालेल्या माणसाला पुन्हा गाडीतच मुक्काम ठोकायचा होता. आणि जी आई लेकीकडे एका रात्रीसाठी येतानाही स्वतःची उशी बगलेत मारून यायची, ती शेजारी बसून मान डोलवत होती.

"समुद्राच्या कडेकडेने जायचं," बाबा म्हणाले. "जमेल तितकं. पण याच महिन्यात."

"याच महिन्यात का? समुद्र काय पळून चाललाय?"

यावर दोघांनीही एकदम ताटात पाहिलं. मास्तरणीने ते पाहिलं, पण त्याचा अर्थ तिने म्हातारपणीची लाज असा लावला आणि भाजी वाढून घेतली.

मास्तरीण ही त्यांची एकुलती एक मुलगी. ती शाळेत वगैरे शिकवत नव्हती. फ्रिज बनवणाऱ्या कंपनीत तपासणी विभागात होती, आणि फ्रिजच्या दाराचं रबर कुठे केसभर उचललं गेलंय हे तिला चार पावलांवरून कळायचं. घरीही तेच. दुधाच्या पिशवीवरची तारीख, नवऱ्याच्या शर्टाचं सुटू लागलेलं बटण, पिटूच्या, म्हणजे लेकीच्या, नखांतली माती. मास्तरीण हे नाव नवऱ्याने ठेवलं होतं आणि ते चिकटलं. हिच्या नजरेतून काही सुटत नाही असं सगळे म्हणत, आणि खरं सांगायचं तर तिचाही त्यावर पक्का विश्वास होता.

तिने जेवताजेवताच निकाल देऊन टाकला: घ्यायची तर नवी. जुन्या गाडीत दुसऱ्याची ओल, दुसऱ्याची झुरळं आणि दुसऱ्याने केलेली वायरिंग आपण कौतुकाने घरी आणतो. नव्या गाडीला निदान हमी तरी असते. बाबा म्हणाले, "बघू." बाबांचं 'बघू' म्हणजे नाही, हे घरात लहान पोरालाही कळायचं.

सुट्टीच्या दिवशी पिटूला नवऱ्याकडे सोपवून मास्तरीण आईबाबांबरोबर निघाली. गाडी बाबाच चालवत होते. दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत मला मळमळतं, असं ते हल्ली म्हणत. आई नेहमीप्रमाणे पुढे, त्यांच्या शेजारी, आणि तिचा रेडिओ नेहमीप्रमाणे चालू.

"पुढे लाल आहे हो. थांबा. अजून थोडं पुढे घ्या, हं, बास. सुटला. डावीकडून स्कूटर येतेय, येऊ द्या तिला. बाई रस्ता ओलांडतायत, पोर आहे बरोबर."

आईच्या या सवयीवर घरात इतके विनोद झाले होते की नवे सुचत नव्हते. जावई तर सरळ विचारायचा, सासूबाई, तुमचा आवाज कमी करायचं बटण कुठे असतं? बाबा मात्र कधी चिडले नाहीत. "बोलू दे तिला," एवढंच म्हणायचे. मास्तरणीला त्यांच्या सोशिकपणाचं फार कौतुक होतं.

"आई, त्यांना दिसतंय ना समोर," ती मागून म्हणाली. "जन्म गेला त्यांचा स्टिअरिंगवर. जरा गप्प बस की."

आई गप्प बसली नाही. पुढच्या चौकात रिक्षा उभी आहे, हेही तिने सांगितलंच.

नव्या व्हॅनच्या शोरूममध्ये प्लायवुडचा आणि गोंदाचा ताजा वास होता. मास्तरीण हरखली. कपाटांचे कोपरे गोल, दारांची रबरं एकसारखी बसलेली, पलंग बोटाने ओढला की उलगडणारा. टाय लावलेला विक्रेता तिच्याकडेच बघून बोलत होता, कारण गिऱ्हाईक कोण हे त्याने ओळखलं होतं. दिवे, पाणी, हीटर, बॅटरी, सगळं भिंतीतल्या एका काळ्या काचेवर. बोट लावायचं की झालं.

बाबांनी बोट लावलं. काही झालं नाही. त्यांचं बोट काचेवर इकडून तिकडे फिरत राहिलं.

"सर, जरा वर. अजून वर," विक्रेता म्हणाला.

"अहो, इथे दिवे लिहिलंय, त्याच्या खाली पाणी," आई पुढे होऊन म्हणाली आणि तिने त्यांचं बोट धरून नेमक्या जागी ठेवलं.

दिवे लागले. बाबांनी हात काढून घेतला. "नुसती काच आहे ही. हाताला काही लागतच नाही," असं म्हणून ते खाली उतरले ते परत चढलेच नाहीत. मास्तरणीला त्या विक्रेत्यासमोर अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या माणसाने गल्लीत सगळ्यांच्या आधी मोबाइल घेतला होता, तो आज काचेला घाबरतो म्हणजे काय? म्हातारे झाले, दुसरं काय, असं तिने मनाशी म्हटलं आणि विक्रेत्याचं कार्ड मुकाट्याने पर्समध्ये टाकलं.

दुसरी गाडी एका प्लंबरची होती. त्याच्या अंगणात भिंतीला पाइप टेकवून ठेवलेले आणि मधोमध ही पांढरी व्हॅन. आतलं सगळं त्याने स्वतः केलं होतं.

"मग विकताय कशाला?" मास्तरणीने पहिला प्रश्न टाकला.

"बायकोने एक रात्र झोपून पाहिलं, ताई. म्हणाली, एवढ्याशा जागेत तुमचं घोरणं मावत नाही."

आई हसली. मास्तरीण हसली नाही, ती कामाला लागली होती. खिडकीच्या रबराखाली नख घालून पाहिलं, गादी उचलली, शेगडीमागची नळी चाचपली, टाकीचं झाकण उघडून वास घेतला. मागच्या खिडकीखाली ओलीचा जुना डाग तिला लगेच सापडला. "प्लंबरच्या गाडीत पाणी शिरतं," ती म्हणाली. "शिरत होतं," प्लंबर म्हणाला, आणि खरंच, हाताला तिथे कोरडं लागत होतं.

बाबांना यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. ते पुढे चालकाच्या जागेवर बसले होते. त्यांच्या मिनीबसचंच मॉडेल होतं हे. डोळे मिटून ते गिअरच्या दांड्यावरून, हँडब्रेकवरून, दिव्यांच्या खटक्यावरून हात फिरवत होते. मग मागे येऊन त्यांनी पितळी नळ फिरवला आणि भिंतीवरची जाडजूड बटणं एकेक करून दाबली. प्रत्येक बटण टक् वाजलं.

"हीच," ते म्हणाले. इतका आनंद मास्तरणीने त्यांच्या तोंडावर कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता, आणि तिचा नव्या गाडीचा हट्ट तिथेच निम्मा विरघळला.

"आधी चालवून बघू," ती म्हणाली. "मी पुढे बसते, मला इंजिन ऐकायचंय."

"पुढे मी बसते," आई घाईने म्हणाली.

"पुढे एकच सीट आहे, आई. तू मागे यांच्याबरोबर बस. आणि आज जरा बाबांना शांतपणे चालवू दे. प्लीज."

आईने बाबांकडे पाहिलं. पण प्लंबर किल्ली पुढे करून उभा होता, लेक दार उघडून बसलीही होती, आणि चाळीस वर्षं गाडी हाकलेल्या माणसाला त्या दोघांसमोर नाही म्हणणं जड गेलं असावं. त्यांनी किल्ली घेतली. "तू मागून बोल," ते आईला हळूच म्हणाले. मास्तरणीने ते ऐकलं आणि तिला गंमत वाटली, की रेडिओशिवाय यांना आता करमतही नाही.

अंगणातून गाडी त्यांनी अशी काढली की प्लंबरनेही वाहवा केली. पहिलं वळण लोण्यासारखं. मग प्लंबरला आपल्या पंपाचं कौतुक दाखवायची हुक्की आली. "चालत्या गाडीतही पाणी येतं, बघा काकू," म्हणत त्याने बटण दाबलं आणि पंप धडधडायला लागला. मागून आई काहीतरी म्हणत होती. काय, ते पुढे कळत नव्हतं.

सिग्नल लाल होता. मास्तरणीला तो दिसत होता, अगदी समोर, आणि त्याच्याखाली कुंड्यांची हातगाडी ढकलत रस्ता ओलांडणारा एक म्हातारा. काचेच्या बरोबर मधोमध. बाबा आता ब्रेक दाबतील, असं तिला वाटलं. आता दाबतील. बाबा तिसऱ्याचा चौथा गिअर टाकत होते.

तिने हँडब्रेक ओढला. कसा ओढला ते तिला नंतर कधीच आठवलं नाही. गाडी किंचाळून तिरकी झाली, मागे भांडी कोसळली, म्हाताऱ्याची हातगाडी आडवी झाली आणि एक कुंडी फुटून माती रस्त्यावर पसरली. म्हातारा उभा होता. धडधाकट होता. तो त्यांच्याकडे बघत होता.

बाबांनी मान थोडी वळवली. म्हाताऱ्याकडे नव्हे, त्याच्या कडेला कुठेतरी.

"लाल होता का?" त्यांनी विचारलं. चहात साखर आहे का, असं विचारावं तसं.

मास्तरणीने बाबांच्या डोळ्यांत पाहिलं. डोळे नेहमीसारखे होते, स्वच्छ, तपकिरी. ते तिच्याकडे बघत होते आणि तिच्याकडे बघत नव्हते.

प्लंबर उतरून म्हाताऱ्याच्या कुंड्या गोळा करायला गेला, आणि बरं झालं गेला. मास्तरणीने गाडी कडेला घ्यायला लावली, एकेक शब्द सांगून, आणि सांगतासांगताच तिला ऐकू आलं की आपण आईसारखं बोलतोय. डावीकडे. अजून. मागून कुणी नाही. थांबा.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"दोन वर्षं होतील," मागून आई म्हणाली. ती कोसळलेल्या भांड्यांत बसली होती. "मधलं दिसत नाही त्यांना. कडेचं दिसतं. डॉक्टर म्हणाले, कडेचंही हळूहळू जाणार. म्हणून तर घाई. जाण्याआधी समुद्र तरी."

"आणि तुम्ही गाडी चालवता?"

"आम्ही दोघं मिळून चालवतो," बाबा म्हणाले. त्यात लपवाछपवी नव्हती, उलट थोडा अभिमानच होता. "ती बघते, मी चालवतो. हात माझे, डोळे तिचे. एक ओरखडा नाही गाडीला, विचार तिला. या व्हॅनचं तर सगळं हातांना पाठ आहे. त्या नव्या गाडीच्या काचेचं मी काय करणार होतो?"

मास्तरणीला रडू आलं आणि संतापही आला, दोन्ही एकदम. जगातल्या सगळ्या फ्रिजची रबरं तपासत बसलो आणि आपल्या बापाला तोंडासमोरचं दिसत नाही हे आपल्याला कळलं नाही. आईला गप्प बस म्हणालो. आज सकाळीसुद्धा. तिला स्वतःची इतकी लाज पूर्वी कधी वाटली नव्हती.

मग तिला पिटू आठवली.

पिटूला शाळेतून रोज आणायचे ते बाबाच.

"तिच्या वेळी मी असतेच ग बरोबर," आई लगेच म्हणाली, कारण लेकीचा चेहरा तिने वाचला होता. "एक दिवस चुकवला नाही मी. देवाशपथ."

मास्तरणीचा श्वास सुटला. सुटता सुटता अडकला.

"तुझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा?"

"तेव्हा हे बसने जायचे. आणायचे तिला बसने." आईने पुढे वाकून बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "हो ना? अहो, बसनेच जायचात ना तुम्ही?"

बाबांनी गिअरचा दांडा मधे आणून ठेवला, तो आधीच मधे होता.

"बसला फार गर्दी असायची," ते म्हणाले. "पिटू दमायची. मग पुढे बसवायचो तिला. तिलाही आवडायचं. लाल झाला की सांगायची, कुणी आडवं आलं की सांगायची. फार हुशार आहे पोर, एकदाही चुकली नाही. डाव्या-उजव्याचा तेवढा घोटाळा व्हायचा तिचा, म्हणून उजव्या मनगटाला निळं रबर घालून दिलं होतं मी."

आईचा हात त्यांच्या खांद्यावरून खाली आला.

निळं रबर. त्या दिवसांत मास्तरीण रोज संध्याकाळी आंघोळीच्या वेळी ते पिटूच्या मनगटावरून काढायची, कारण त्याचा वळ उठायचा. आणि रोज सकाळी पिटू शाळेला निघताना रडून ते परत मागायची. हे काय खूळ, असं म्हणून एकदा तर तिने ते फेकूनही दिलं होतं. त्या दिवशी पिटू रबर न घालताच शाळेत गेली होती, आणि दुपारी आजोबांबरोबर गाडीतून घरी आली होती.