नगरच्या सगळ्या बायका

आमच्या ह्यांनी निम्म्या नगरचे चेहरे काढले, माझा काढला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा सूर तिखट लागला तर कारण शोधत बसायला नको.

हे म्हणजे नृसिंह. पाटबंधारे खात्यात आरेखक होते. दिवसभर कालव्यांचे नकाशे आणि घरी आले की व्यंगचित्रं. नगरला दरवर्षी डिसेंबरात व्यंगचित्रांचा मेळा भरतो. सावेडीतल्या सभागृहात भिंतभर चित्रं, चित्रकादंबऱ्यांचे स्टॉल, बाहेरगावची चित्रकार मंडळी, आणि दाराशीच ह्यांचं टेबल. समोर बसेल त्याचं अर्कचित्र. नाक असेल त्याहून मोठं, हनुवटी असेल त्याहून लांब, आणि तेही फुकटात. रांग पार रस्त्यापर्यंत जायची. मी दुपारी केडगावहून डबा घेऊन यायची, टेबलावर आदळायची, दाराशी एकदा थांबून रांगेकडे रागानं बघायची आणि घरी जायची. कुणाचं चित्र कसं आलंय ते कधी बघितलं नाही. लोक आपापली गुंडाळी करून घेऊन जायचे.

"माझं कधी काढताय?" असं एकदा विचारलं, तर म्हणाले, "ये की रांगेत."

आता स्वतःच्या नवऱ्याकडून चित्र काढून घ्यायला मी रांगेत उभी राहू? तसं म्हटलं, तर हसले. "मग थांब. तुझं घाईत निघायचं नाही. तुझं सावकाश काढू." मी रांगेत गेले नाही आणि ह्यांची सवड काही आली नाही. मागच्या वर्षी दिवाळीनंतर हे गेले. मग मी कपाटं उपसली. कालवे सापडले, मंत्री सापडले, शेजारचं कुत्रंसुद्धा सापडलं. मी कुठेच नव्हते.

मेळ्याचं काम हल्ली वरद बघतो. तिशीचा आहे, स्वतः चित्रकादंबऱ्या काढतो, मला काकू म्हणतो. यंदा त्यानं जाहीर केलं की ज्यांच्याकडे काकांनी काढलेलं चित्र असेल त्यांनी ते घेऊन यावं. सगळी एका भिंतीवर लावायची आणि शेवटी प्रत्येकानं आपापल्या चित्राखाली उभं राहून एकच मोठा फोटो काढायचा. फोनवर मला म्हणाला, "काकू, तुमचं कुठलं लावू?"

"बघते," म्हटलं आणि फोन ठेवला.

खरं सांगते, एक वेडी आशा होती. दुसऱ्या कुणाचं चित्र काढताना मी डबा घेऊन आले असेन, कागदाच्या कोपऱ्यात ह्यांनी मला उमटवलं असेल. अंगठ्याएवढी का होईना. तेवढ्या आशेवर रिक्षा केली आणि सावेडीला गेले.

भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत भरली होती. डॉक्टर, वकील, भाजीवाले, कॉलेजची पोरं. मी एका टोकापासून सुरुवात केली. चेहरे सोडून फक्त कोपरे बघत चालले होते. ह्यांची पद्धत मला ठाऊक होती. म्हणायचे, "एवढ्याशा वेळात चेहरा पकडायचा की बुशशर्टाची बटणं बघायची? मुंडकं समोरच्याचं, धड हाताच्या सवयीचं." म्हणून नगरच्या यच्चयावत पुरुषांना ह्यांच्या ऑफिसातल्या भागवत साहेबांचं पोट मिळालं होतं. त्यावर आम्ही घरी पोट धरून हसलो होतो. आताही हसू आलं. पण कोपरे सगळे कोरे होते. ह्यांना गर्दी आवडायची नाही, कागदावरही.

शेवटाला आले तर तिथे एक जोडपं भांडत होतं. बेलापूरचे गहिनीनाथ आणि त्यांची बायको चांगुणाबाई. फ्रेम केलेलं चित्र एसटीनं मांडीवर घेऊन आले होते.

"तोंड माझं हाय, न्हाई म्हनत न्हाई," चांगुणाबाई म्हणत होत्या. "पर ह्ये हुबं ऱ्हानं माझं न्हाई. मी कवा अशी कमरंवर हात ठिवून हुबी ऱ्हाते व्हय?"

"रानात बायांवर वरडताना ठिवते की."

"तवा हातात इळा असतो माझ्या!"

मी सहज चित्राकडे पाहिलं. डोकं चांगुणाबाईंचं, ठसठशीत कुंकवाचं. खाली पदर खोचलेला, डावा हात कमरेवर, आणि त्या हाताची करंगळी बाकीच्या बोटांपासून वेगळी, ताठ.

लग्नाच्या पहिल्या वर्षी एसटीच्या दारात माझी करंगळी सापडली होती. ह्यांनी आपला रुमाल बांधला होता. ती तेव्हापासून वाकत नाही.

मी मागे फिरले. शेजारच्या चित्रात डॉक्टरीणबाई होत्या, गळ्यात नळी, डावा हात कमरेवर, करंगळी ताठ. त्यापुढची पोरगी जीन्स घालून तशीच उभी. महिला पोलीस तशीच. मुख्याध्यापिका तशीच. चित्राखाली साल घालायची ह्यांना सवय होती. जुन्या सालांतल्या बायका सडपातळ होत्या, मग हळूहळू कमरेला सुटल्या. माझा उजवा गुडघा गेला, त्या सालापासून नगरच्या सगळ्या बायका डाव्या पायावर भार देऊन उभ्या होत्या.

दाराशी थांबून मी रांगेकडे रागानं बघायची ना, ती ही अशी. मला वाटायचं, हे मान खाली घालून कागदावर आहेत. मी गेलेलीसुद्धा ह्यांना कळत नाही.

मला रडू फुटलं, आणि रागही तेवढाच आला. अहो, एवढं सगळं दिसत होतं, तर सांगायचं नाही का एकदा? पुरुषांना भागवत साहेबांचं पोट दिलंत ते सांगितलंत, आणि बायकांचं गिळून बसलात! मी काय खाल्लं असतं तुम्हाला? समोर असते तर चांगली खरडपट्टी काढली असती. समोर हवे होते. दुसरं काही नको होतं मला.

तेवढ्यात वरदनं माईकवरून हाक दिली, "सगळे आपापल्या चित्राखाली!" धावपळ झाली. सगळ्यांना जागा होती. मी भिंतीपासून बाजूला झाले आणि पदरानं डोळे पुसत राहिले. चांगुणाबाई फ्रेमखाली उभ्या राहिल्या आणि चित्रासारखं उभं राहायचा प्रयत्न करायला लागल्या. कधी हा हात कमरेवर, कधी तो. मला राहवलं नाही.

"असं नाही हो. डावा हात. आणि भार इकडच्या पायावर." मी उभी राहून दाखवलं.

त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. मग करंगळीकडे. मग वर चित्राकडे.

"आगं बया!" त्या म्हणाल्या. "आवं, ह्यी तर ह्यी बाई हाय!"

गहिनीनाथांनी चष्मा वर केला. "सायबांनी तुझं तोंड निस्तं वर चिकटवलंय."

चांगुणाबाईंनी माझा दंड धरला आणि मला ओढून आपल्या शेजारी, फ्रेमच्या बरोबर खाली उभं केलं. पलीकडच्या डॉक्टरीणबाई वाकून बघायला लागल्या, मग आपल्या चित्राकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"काकू," वरद कॅमेऱ्यामागून ओरडला, "तुमचं चित्र सापडलं का? कुठलं?"

कमरेवरचा हात मी काढला नव्हता. सगळी भिंत माझ्यासारखी उभी होती.

"ही सगळी माझीच रे," म्हटलं. "तोंड तेवढं सावकाश काढणार होते."