सात नंबरचं लेबल

बाईंना शिस्तीचा भारी सोस. प्रयोगशाळेतल्या त्यांच्या कपाटात स्क्रूच्या डब्यांनासुद्धा नंबर होते.

एरवी अँटेना वेगळा आणि नको त्या लहरी अडवणारा फिल्टर वेगळा असतो. बाईंनी नखाएवढ्या तांब्यात केसासारख्या दोन फटी कोरून अँटेनालाच फिल्टरचं काम शिकवलं होतं. दोन वर्षं त्यातच गेली. आज तीन वाजता साहेब निकाल बघणार होते. जमलं नाही तर काम बंद.

संगणकावर सगळं झकास होतं. मोजणीच्या खोलीत मात्र महिनाभर हवी ती लहर अडत होती आणि नको ती बिनदिक्कत आत येत होती.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," बाई वैतागून म्हणाल्या.

खोली सांभाळणाऱ्या काकांनी आज पहिल्यांदाच अँटेनाचा बोर्ड चिमट्यात धरून उजेडात नेला. निवृत्तीला दोन महिने उरलेला माणूस, बोलणंही मोजूनमापून.

"हे काय चिकटवलंय?"

"लेबल. सातवा नमुना ना हा."

"नंबर मागे लावायचा, बाई. इथे लहर बोटभरही लांब नाही. फटीवर कागद आला की तिचं गणितच बदलतं."

बाईंनी कपाळाला हात लावला. सातही नमुन्यांवर त्यांनी स्वतः, अगदी सरळ रेषेत, लेबलं लावली होती. आणि दोष देत होत्या आपल्या गणिताला.

काकांनी स्पिरिटनं लेबल भिजवून काढलं, फटी पुसल्या, पुन्हा मोजलं. आलेख मुकाट जागेवर आला.

तीनला साहेबांनी विचारलं, "मग महिनाभर काय गडबड होती?"

"माझी मोजणी चुकत होती, साहेब," काका पटकन म्हणाले.

चाळीस वर्षांत काकांची मोजणी चुकल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. गप्प बसणं सोपं होतं.

"नाही साहेब. फटींवर लेबल मी लावलं होतं. काकांनी पाहिलं, म्हणून हा अँटेना चालला."

साहेब हसले आणि पुढच्या कामाच्या कागदावर सही करून गेले.

"कशाला सांगितलंत?" काका पुटपुटले. "मी तर चाललोच होतो."

"जाणाऱ्या माणसाच्या माथी माझी चूक मारू? तुमचे उपकार आहेत, काका."

बाईंनी नवं लेबल घेतलं, त्यावर 'काका' लिहिलं आणि बोर्डाच्या मागे नीट चिकटवलं.

"आणि नंबर?" काकांनी विचारलं.

"याला नंबर नाही," बाई म्हणाल्या.