केतकीचे दोनशे तास

दोनशे तास खरोखर विमान उडवलेल्या वैमानिकाचे पाय जमिनीला लागत नाहीत. पन्नास तासांना एक बोट, या हिशेबानं तो चार बोटं वर राहतो. त्यामुळे माझं काम सोपं आहे. परवान्यासाठी आलेल्या उमेदवाराचं लॉगबुक, म्हणजे तासांची वही, उघडायचं, त्याला फरशीवर उभं करायचं आणि तळव्यांखाली बोटं घालून बघायची. अठरा वर्षं मी असा लोकांच्या पायांशी बसतो आणि लोक मला साहेब म्हणतात.

मंगळवारी केतकी आली. केतकी माझी मुलगी. लॉगबुकात दोनशे तास पूर्ण, आणि पायाखाली माझं नख तेवढं शिरलं.

“बाबा, गुदगुल्या होतात,” ती म्हणाली.

“किती तास उडालीस?”

“लिहिलंय ना.”

“लिहिलेलं मला वाचता येतं.”

मग तिनं सांगितलं. फ्लाइंग स्कूलमध्ये विमानाच्या चाकांना लाकडी ठोकळे लावत, शेपूट दोरानं कडुनिंबाला बांधत आणि एकेकाला आत बसवून इंजिन चालू करत. मीटर फिरायचं. तासाभरानं एक उतरायचा, दुसरा चढायचा, आणि वहीत लिहिलं जायचं, अकोल्यापर्यंत जाऊन परत.

“आम्ही डबा घेऊन बसायचो,” केतकी म्हणाली. “इंजिनच्या वाऱ्यानं त्या झाडाला एक पान राहिलं नाही, बाबा.”

मला तिचा राग आला आणि स्वतःचा त्याहून जास्त आला. त्याच शाळेच्या सत्तावीस मुलांच्या वह्यांवर मी ‘तपासले, बरोबर आहे’ असं लिहून सही केली होती. वरून फोन यायचे, मी वाकायचो. अशा प्रत्येक सहीला आमचं ऑफिस वीतभर खाली गेलं. पूर्वी खिडकीतून धावपट्टी दिसायची, आता गवताची मुळं दिसतात. त्याबद्दल कुणी बोलत नाही. दरवर्षी जिन्याला पायऱ्या तेवढ्या वाढवून घेतात.

त्या जिन्यावरून शाळेचे मालक कॅप्टन मिराशी उतरले. त्यांचे पाय घोट्यापर्यंत फरशीत जातात, म्हणून ते चिखलातून यावं तसे पाय उपटत येतात.

“बोंद्रेसाहेब, उद्या पोरीला विमान मिळतंय. करून टाका सही.”

“तिला उडवता येत नाही.”

“सत्तावीस जणांच्या वेळी हा प्रश्न पडला नाही तुम्हाला. ती दुसऱ्यांची पोरं होती म्हणून?”

मी केतकीकडे बघितलं. तिनं नवा गणवेश घातला होता, खांद्यावरच्या पट्ट्यांसकट.

“तू घरी चल,” मी म्हणालो. “पहिल्यापासून शिकू.”

“त्यांना सही मिळाली, मला का नाही?” ती म्हणाली. “ते विमानं चालवताहेत की. मी तेवढी घरी बसू?”

 याचं खरं उत्तर तोंडातून काढलं असतं तर पोटच्या पोरीसमोर मला माझी लाज निघताना बघावी लागली असती. मी सही केली. ऑफिस वीतभर खाली गेलं आणि खिडकीतली मुळंही दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी केतकीनं मला आपल्या प्रवासी विमानात पहिल्या रांगेत बसवलं. शेजारी परतवाड्याच्या एक बाई होत्या, मुलीच्या बाळंतपणाला निघालेल्या, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा. मी त्यांना उतरा म्हणालो.

“का बरं?”

“पायलट नवी आहे.”

“पण तपासूनच घेतात ना हो,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी पट्टा आवळला.

विमान पळायला लागलं. धावपट्टी संपली तरी ते पळतच राहिलं. कुंपण तोडून ते कपाशीच्या शेतात शिरलं. वेचणाऱ्या बायांनी कमरेला बांधलेले कापसाचे ओटे सावरले आणि गुरांना द्यावी तशी वाट दिली.

“नमस्कार,” केतकीचा आवाज आला. “आपण चौतीस हजार फुटांवर आहोत. बाहेरचं तापमान उणे पन्नास.”

बाईंनी पदर कानांवरून घेतला. फुटलेल्या बोंडांकडे बघत त्या म्हणाल्या, “ढग किती खाली राहिले, नाही?”

हवाई सुंदरी माझ्यापाशी येऊन वाकली. तिच्या हातात एक कोरा कागद होता.

“साहेब, उंची बरोबर आहे, एवढं लिहून द्या. लोकांना बरं वाटतं.”

कॉकपिटचं दार उघडंच होतं. केतकी दोन्ही हातांनी दांडा छातीकडे ओढत होती आणि तिच्यापुढच्या काचेत विहिरीचा कठडा मोठा होत चालला होता.

“बाबा, लवकर लिहा,” ती मागे न बघता म्हणाली.

मी पेनाचं टोपण काढलं.