रंगाची चव

सोमवारी सकाळी, वेफर्सच्या कारखान्यातील चवपरीक्षकाच्या खोलीत, मालकीणबाई आणि त्यांचे थोरले बंधू यांच्यात जुंपली. पाकिटाचा रंगच अर्धी चव ठरवतो, असे बाईंचे म्हणणे. बंधुराज कारखान्याचे मुख्य चवपरीक्षक. स्वतःच्या जिभेविषयी त्यांना नितांत आदर.

"अगं, गिऱ्हाईक जिभेनं खातं, डोळ्यांनी नाही. मला रंगानं फसवून दाखव, ही खुर्ची सोडतो!"

बहिणीने एक लाल आणि एक हिरवे, अशी दोन कोरी पाकिटे पुढे सरकवली. बंधुराजांनी साग्रसंगीत चूळ भरली, लाल पाकिटातला वेफर चावला आणि नाक पुशीत पाणी मागितले.

"मिरची आवर, लोक रडतील!"

हिरव्यातला खाताना मात्र त्यांचे डोळे आपोआप मिटले. "वा! लिंबू कसं नेमकं उतरलंय!"

"दादा, दोन्हीत एकाच घाण्यातले वेफर्स आहेत. वर नुसतं मीठ."

बंधुराजांनी दोन्ही पाकिटे दूर सारली. "मग मिठातच भेसळ आहे!"

"मीठ चोख आहे," खुर्ची स्वतःकडे ओढीत बहीण म्हणाली. "तुझ्या जिभेपेक्षा डोळेच जास्त चाखतात. उद्यापासून पाकिटांच्या छपाईत बस."